भाड्याचे आडनाव

इंटरनेटवरचे नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, ही गोष्ट आमच्या घरात एकट्या दादाला ठाऊक होती. आम्हा बाकीच्यांची समजूत अशी की, दादाने २००९ साली आमचे आडनाव एकदाचे विकत घेतले. आणि विकत घेतलेली वस्तू, मग ती पितळी बंब असो की शिसवी पाट असो, घराण्यात राहतेच. बंब अजून आहे. आडनाव मात्र २०२३ सालच्या पावसाळ्यात हातचे जवळजवळ गेले होते. ते कसे जात होते आणि कसे राहिले, हे सांगण्यासारखे आहे. त्या निमित्ताने मराठीचा हा प्राध्यापक काही दिवस अशा मुलखात हिंडून आला, की जिथे ना वृत्त चालते ना अलंकार. व्याकरण मात्र आपल्याहून कडक.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी वडील. पेशाने इंजिनियर, आणि स्वभावाने त्याहूनही जास्त इंजिनियर. कोणतीही वस्तू शेजाऱ्याकडून मागून आणणे त्याच्या जिवावर येई. भिंतीला भोक पाडायचे यंत्र स्वतःचे, लग्नकार्याला लागणारी शिडी स्वतःची, आणि मग पत्रांचा पत्ता तेवढा दुसऱ्याचा कसा चालेल? "आज एका कंपनीच्या फुकट पत्त्यावर आपली पत्रं येतात," तो म्हणे, "उद्या तिनं दुकान बंद केलं, तर सगळ्या जगाला नवा पत्ता कळवत बसायचं का? बिऱ्हाड बदललं तरी पत्ता बदलू नये, असा पत्ता पाहिजे." तेव्हा मला हे वेड वाटले होते. आज विचार करतो तेव्हा वाटते, स्वतःच्या डोमेनचा सगळा मुद्दा त्याने त्या एका वाक्यात सांगितला होता. पत्रे ठेवून घेणारी कंपनी आज ही, उद्या ती, पत्ता तोच.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ताईने ओवाळले, तेव्हा दादाने तबकात एक पाकीट ठेवले. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर 'ताई', मग ते गोल शेपटीचे 'अॅट'चे चिन्ह, मग आमचे आडनाव, मग टिंब आणि कॉम. खाली परवलीचा शब्द. ताईने पाकीट उलटे करून झटकले आणि विचारले, "एवढंच?" दादा दुखावला. दुसऱ्या दिवशी त्याने साडीचे पैसे दिले, पण पत्ताही परत घेतला नाही.

सगळ्यांना असे पत्ते मिळाले. आईला 'आई' हा पत्ता मिळाला. तिने संगणकाला आयुष्यात हात लावला नाही. पण 'आईला आलेले पत्र' कागदावर छापून आणून दिले की चष्मा लावून दोनदा वाची. बाबांनी मात्र पत्त्याचे सोने केले. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिण्याचा त्यांचा नेम होता. रस्त्यातले खड्डे, 'आणि' ऐवजी 'अन्' लिहिणारे वार्ताहर, लग्नातले ध्वनिवर्धक, असे त्यांचे विषय. पत्राखाली ते आता हा पत्ता लिहू लागले. छापताना पत्ता गाळला जाई, पण त्यामुळे त्यांच्या समाधानात उणेपण येत नसे.

आमच्या आडनावात एक 'ळ' आहे आणि शेवटी एकारान्त अक्षर आहे. रोमन लिपीत हे संकट कसे लिहायचे याविषयी घराण्यात पूर्वीपासून दोन तट. बाबांच्या दाखल्यावर शेवटी एक 'ई', काकांच्या दाखल्यावर दोन. दादाने दोन्ही घेतली आणि दुसरे नाव पहिल्याकडे वळवून दिले. काकांच्या स्पेलिंगने आलेले पत्रही बरोबर पोहोचे. घरातला एक जुना वाद वर्षाला काही शे रुपयांत मिटला. पुढे २०१४ साली 'डॉट भारत' हा देवनागरी शेवट मिळू लागला, तेव्हा मी दादाला म्हटले, आता 'ळ' चा प्रश्नच उरला नाही, नागरीतच घे! त्याने मला कागदावर काढून दाखवले, की यंत्राला आतून फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघच कळते. म्हणून आपण 'भारत' लिहिले की पडद्यामागे त्याचे 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे 'एच टू बी आर जे नाइन सी' असे काही तरी होते. आपला देश असा लिहिलेला पाहून मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

नावांची ही सगळी व्यवस्था कशी आली, हे मी नंतर वाचले. आणि इतिहास म्हणून ती मोठी गमतीची आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेत संगणकांचे जे पहिले जाळे विणले गेले, त्यात यंत्रे इतकी थोडी होती की त्यांच्या नावांची एकच यादी पुरे. ती यादी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाईंच्या हाताखालची मंडळी ती सांभाळीत. नवे यंत्र जोडायचे, तर त्यांना कळवायचे. हे नाव आधीच कुणी घेतलेले नाही ना, ते पाहून त्या नोंद करणार. आपल्याकडे ग्रामजोशी जसा गावातल्या बारशांचा हिशेब ठेवी, तसाच हा प्रकार. यंत्रे वाढली तशी ती यादी सांभाळणे आवाक्याबाहेर जाऊ लागले. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत मांडली. तिचे मर्म एवढेच की, सगळी नावे कुणा एकालाच ठाऊक असण्याची गरज नाही. कुणाला विचारायचे, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

ही पद्धत मला पुतणीने समजावून दिली. दादाची मुलगी, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "काका, नाव उजवीकडून वाचायचं," ती म्हणाली. सगळ्यांत उजवीकडे, शेवटच्या 'कॉम'च्याही पलीकडे, एक न दिसणारे टिंब असते, ते मूळ. त्या मुळाची माहिती सांगणारी यंत्रे तेरा नावांनी ओळखली जातात आणि त्यांच्या प्रती जगभर, आपल्या मुंबईतसुद्धा, ठेवलेल्या आहेत. मूळ सांगते, 'कॉम'वाल्याला विचार. 'कॉम'वाला सांगतो, या आडनावाचा कारभार अमक्या यंत्राकडे आहे, त्याला विचार. ते यंत्र अखेर सांगते, पत्रे अमुक दारी टाक. हे ऐकून मला एकदम बरे वाटले. मी म्हटले, "अगं, हा तर तत्पुरुष! उत्तरपद प्रधान. 'राजवाडा' हा वाडाच, राजा केवळ त्याचं विशेषण. तसं तुमचं हे नाव मुळात 'कॉम', आपण त्याचं विशेषण." पुतणीने मान डोलावली. प्राध्यापकाला घरात असे श्रोते क्वचितच मिळतात.

'कॉम'चे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते सिंबॉलिक्स नावाच्या, संगणक करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे. त्या कंपनीचे वैभव केव्हाच गेले, आणि २००९ साली ते नाव तेवढे दुसऱ्या कुणी विकत घेतले. मालक गेला तरी पाटी राहते. आणि 'अॅट'चे ते चिन्ह पत्त्यात प्रथम आणले रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्या मध्ये, कोणाच्याही नावात कधी न येणारे चिन्ह हवे होते म्हणून. डच लोक त्याला माकडाचे शेपूट म्हणतात, इटालियन लोक गोगलगाय म्हणतात. मराठीत मात्र त्याला कोणीच नाव ठेवलेले नाही. नावे ठेवण्यात आपला एवढा लौकिक असून हे कसे राहून गेले, कोण जाणे.

असो. दादा २०२२च्या नोव्हेंबरात गेला. त्याला बावन्नावे लागले होते. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही.

घरातला कर्ता माणूस गेला की कागदांचे मागे लागणे सुरू होते, हे ज्यांच्यावर प्रसंग आला आहे त्यांना सांगायला नको. वहिनींनी एकेक खाते दादाच्या नावावरून काढले. बँकेला मृत्यूचा दाखला दिला. बँकेने नियमाप्रमाणे त्याचे कार्ड बंद केले. त्या कार्डावरून दरवर्षी जूनच्या ११ तारखेला आमच्या आडनावाचे भाडे आपोआप कापले जात होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. २०२३च्या जूनमध्ये ते कापले गेले नाही. नाव नोंदवणाऱ्या कंपनीने नियमाप्रमाणे सूचना पाठवल्या. मुदतीपूर्वी पाठवल्या, मुदतीनंतर पाठवली. सगळ्या दादाच्या पत्त्यावर. म्हणजे ज्या नावाची मुदत संपत होती, त्याच नावाच्या पेटीत. दादाइतक्या सावध माणसानेही तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवली होती. पण त्याचा हिशेब तो स्वतः पेटी उघडून पाहणार, असा होता.

आणि आम्हाला कळले कसे? रोजच्या गप्पा आता पत्रांनी होत नाहीत. त्या फोनवरच्या गटात होतात. दादाने दिलेले पत्ते उरले होते ते महत्त्वाच्या कामांपुरते: बँक, विमा, पासपोर्ट, पेन्शन. ही पत्रे रोज येत नाहीत. आणि आली नाहीत, म्हणून कोणी दाराशी जाऊन वाट पाहत नाही. ६ ऑगस्टला, रविवारी सकाळी, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, विम्याच्या ऑफिसातून फोन होता. म्हणतात, कागद मागवणारं पत्र दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. असा पत्ताच नाही म्हणे." मी माझ्या पत्त्यावरून त्यांना पत्र पाठवून पाहिले. गेले नाही. तेव्हा लक्षात आले की, नाहीसा झाला होता तो वहिनींचाच नव्हे, सबंध घराण्याचा पत्ता.

या भाडेपट्ट्याचे नियम सांगतो. कारण ज्यांच्या घरी, दुकानी, किंवा संस्थेत असे एखादे नाव आहे, त्यांना ते उपयोगी पडतील. 'कॉम'सारख्या नावांची मुदत संपली, की नोंदणी कंपनी ते फार तर पंचेचाळीस दिवस आपल्याकडे ठेवू शकते, आणि त्या अवधीत बहुधा साध्या भाड्यावर सोडते. मात्र कंपन्यांचे रिवाज सारखे नाहीत. काही जणी हा अवधी पुरा होण्याआधीच नाव लिलावाला काढतात. त्यानंतर नाव रद्द होते, आणि तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो. गहाण सोडवावे तसे त्या काळात नाव सोडवता येते, पण दंड भरून. मग पाच दिवस ते अधांतरी असते. तेव्हा देवालाही ते मिळत नाही. आणि सहाव्या दिवशी ते जगातल्या कुणालाही खुले. चांगल्या नावांवर टपून बसलेली यंत्रे असतात. ती त्या क्षणी झडप घालतात. पुतणीने बोटांवर मोजून सांगितले, "काका, २५ ऑगस्टपर्यंत वेळ आहे. एकोणीस दिवस."

मी विचारले, "समजा, घेतलं कुणी. आपण दुसरं नाव घेऊ. आडनावापुढे 'घर' लावू, 'परिवार' लावू."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने जे सांगितले त्याने माझी झोप उडाली. नाव ज्याचे, पत्रे त्याची. उद्या कुणा अनोळखी माणसाने आमचे आडनाव घेतले, तर आईच्या, ताईच्या, वहिनींच्या पत्त्यावर येणारे प्रत्येक पत्र त्याच्या पेटीत पडणार. बँकेच्या पानावर जाऊन त्याने नुसते 'परवलीचा शब्द विसरलो' म्हटले, की नव्या शब्दाचे पत्र त्यालाच! घर गेले तर माणूस निदान आपल्या वस्तू बाहेर काढतो. इथे घराबरोबर टपालही जाते, आणि उद्याचे टपालही.

नोंदणी कंपनीचे नाव दादाच्या डायरीत सापडले. डायरी म्हणजे दूधवाल्याच्या हिशेबापासून गॅसच्या नंबरापर्यंत सर्व काही असलेली. परवलीचा शब्दही होता. तो जुना निघाला. नवा मागावा तर तो येणार दादाच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता तर बंद. दुसरी वाट एकच होती: खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर. शेवटचे दोन आकडे पडद्यावर दिसत होते. दादाचाच नंबर. मी वहिनींकडे न पाहताच म्हटले, "आता तो नंबर कुठला असायला. नऊ महिने झाले. कंपनीनं कुणा दुसऱ्याला दिलासुद्धा असेल."

वहिनी उठल्या. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या दादाचा फोन घेऊन आल्या. फोन चालू होता. बॅटरी भरलेली होती.

"दर ८४ दिवसांनी भरते," त्या म्हणाल्या.

कशासाठी, हे मी विचारले नाही. पुतणीनेही विचारले नाही. तिलाही ते तेव्हाच कळत होते. तिने पडद्यावरचे बटण दाबले, आणि दादाचा फोन वाजला. सहा आकडे आले. पुतणी आकडे घालायला हात पुढे करीना, म्हणून ते मीच वाचले आणि मीच घातले.

दंड वर्षाच्या भाड्याच्या सात-आठ पट होता. तो मी त्याच संध्याकाळी भरला. तीन दिवसांनी आडनाव परत आले. त्यानंतर सरळ मार्गाने दादाचा मृत्यूचा दाखला पाठवून ते वहिनींच्या नावावर करून घेतले, मुदतही वाढवली. एका वेळी दहा वर्षांपलीकडे भाडे भरता येत नाही, म्हणून २०३३च्या जूनपर्यंत भरले. दुसऱ्या स्पेलिंगचे नाव दादाने त्याच्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्या महिन्यात नोंदले होते. ते साध्या भाड्यात सुटले.

या भानगडीत मनाला थोडा धीर आला तो एका जुन्या बातमीने. १९९९च्या नाताळात हॉटमेल ही प्रचंड टपालसेवा अनेकांना उघडेना. सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथबरोबर १९९६ साली काढलेली ती हॉटमेल. पुढच्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्टने घेतली होती. शोध घेता असे निघाले, की तिच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे भाडे भरायचे राहून गेले होते. रक्कम किती, तर पस्तीस डॉलर! मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने ते आपल्या खिशातून, आपल्या कार्डावर भरून टाकले आणि सेवा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टचे जिथे असे होते, तिथे आमच्या आळीची काय कथा?

नाव परत मिळाले, पण टपालाची व्यवस्था नव्याने लावायची होती. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव, पाटी आणि पेटी या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तीन निराळ्या दुकानांत असू शकतात. नाव नोंदवणारी कंपनी एक. त्या नावाखालच्या नोंदी जगाला सांगणारे यंत्र दुसऱ्याचे. आणि पत्रे साठवणारी पेटी तिसऱ्याची. दादाच्या वेळची पेटीवाली कंपनी निराळी होती, आणि तिचे भाडे सुदैवाने पुढच्या मार्चपर्यंत भरलेले होते. म्हणून चौदा वर्षांची पत्रे तिथे सुखरूप पडून होती. फक्त तिथे जायचा रस्ता मध्यंतरी नाहीसा झाला होता. ती सेवा जुनाट झाली होती. फोनवर नीट चालत नसे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काका-पुतणीने पेट्या नव्या कंपनीकडे हलवायचे ठरवले. दादाचे म्हणणे इथे खरे ठरले: पेट्या हलल्या, पत्ते हलले नाहीत.

त्यासाठी नोंदी लिहाव्या लागतात. पहिली 'एमएक्स'; या नावाची पत्रे कोणत्या दारी टाकायची, ते ती सांगते. दारे दोन-तीन देता येतात आणि प्रत्येकाला एक आकडा असतो. जितका आकडा लहान तितका मान मोठा. आधी पहिल्या दारी, ते बंद असेल तर दुसऱ्या. नोंद बदलली तरी जगाला ती लगेच कळत नाही. कारण जगभरची यंत्रे विचारलेले उत्तर ठराविक सेकंद स्मरणात ठेवतात आणि तेवढा वेळ जुनेच सांगत राहतात. पुतणीने आदल्या दिवशीच तो अवधी एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणून ठेवला होता. मी म्हटले, गावात हीच सोय असती तर आमच्या चुलत आजोबांच्या दुसऱ्या लग्नाची बातमी चाळीस वर्षे चालली नसती.

पण मला खरी गोडी लागली ती पुढच्या दोन नोंदींची. पत्र पाठवणारा पाकिटावर कुणाचेही नाव घालू शकतो. हा या टपालाचा जन्मजात दोष. म्हणून 'एसपीएफ' नावाची नोंद असते: आमच्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार फक्त एवढ्या यंत्रांना, असा तो जाहीरनामा. ती नोंद एकच असावी लागते. दोन लिहिल्या की दोन्ही फुकट. आणि दुसरी 'डीकेआयएम'. तिच्यात एक किल्ली गुप्त, पेटीवाल्याजवळ. आणि तिची जोडीदार उघड, नावाच्या नोंदींत टांगलेली. पत्र निघताना गुप्त किल्लीने त्यावर खूण उठते. घेणारा उघड किल्लीने ती ताडून पाहतो. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदलले, तरी खूण जुळत नाही. आमच्या जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब उठवीत. हेतू हा की त्याखाली दुसऱ्या कुणाला ओळ वाढवता येऊ नये. बखरी आणि ऐतिहासिक पत्रे शिकवताना मी वीस वर्षे विद्यार्थ्यांना हे सांगत आलो आहे. ती मोर्तब इंटरनेटवर अजून चालू आहे, हे मला त्या दिवशी कळले. या दोन्ही परीक्षांत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे, ते तिसरी नोंद सांगते: येऊ द्या, बाजूला ठेवा, की परत लावा. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी, घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना तर या तिन्ही सक्तीच्या केल्या. बाकीच्यांनाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवीच. आम्ही तिन्ही लिहिल्या. हे न करणाऱ्यांची पत्रे 'कचऱ्यात' जातात आणि मग ते म्हणतात, "अहो, मी तर पाठवलं होतं!" काही वेळा ते खरेही असते.

नव्या कंपनीचे भाडे पेटीगणिक होते. आम्ही पेट्या मोजल्या. आई-बाबा दोघेही दादाच्या आधीच गेलेले. त्यांच्या पत्त्यांना स्वतंत्र पेटी न ठेवता ते माझ्या पेटीला जोडले. टोपणनावासारखी ती सोय असते, आणि तिला निराळे पैसे पडत नाहीत. ताई, वहिनी, काका, दोन्ही घरची मुले आणि मी, अशा सात पेट्या झाल्या. आठवी दादाची.

कंपनी विचारत होती: ठेवायची की काढायची?

त्याच्या पेटीत ३१ हजारांवर पत्रे होती. जुन्या जागेतून नव्या जागेत ती नेताना पडद्यावर पत्रे दिसत नाहीत. नुसता आकडा वाढत जातो. पुतणी आणि मी दोन तास तो आकडा पाहत बसलो. पत्रसंग्रह हा वाङ्मयप्रकार मी वर्गात शिकवतो. थोर माणसांची खासगी पत्रे त्यांच्या पश्चात छापावीत की नाहीत, यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्नही काढतो, आणि छापावीत असे म्हणणाऱ्याला एखादा गुण जास्तच देतो. पण त्या दोन तासांत मला त्यातले एकही पत्र उघडावेसे वाटले नाही. पुतणीने एकदाच विचारले, "काका, यात मला लिहिलेलीही असतील ना?" मी म्हटले, "असतील. ती तुझ्या पेटीतही आहेत." ती म्हणाली, "हो. तिथली वाचलीयत मी."

शेवटी निर्णय वहिनींनी दिला. "पेटी राहू दे. ह्यांच्या नावाचं पत्र आलं तर माझ्याकडे येऊ दे. आणि पाठवणाऱ्याला कळलं पाहिजे." पत्र येताच आपोआप उत्तर जाण्याची सोय असते, एरवी लोक ती सुट्टीवर जाताना वापरतात. वहिनींनी मजकूर लिहून दिला. तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत ते गेले, ही तारीख. दुसरीत, आपले पत्र त्यांच्या घरी पोहोचले आहे. तिसरीत, काही काम असल्यास कळवावे. मी कागद शुद्धलेखन पाहायला म्हणून घेतला. एक वेलांटी चुकली होती. ती मी नीट केली, आणि खाली त्यांचे नाव टाकायचे का, असे विचारले. त्या नको म्हणाल्या.

त्या उत्तराला अधूनमधून उत्तरे येतात. एकदा कोणा सहकाऱ्याचे आले. तो बऱ्याच वर्षांनी परदेशातून लिहीत होता, त्याला ठाऊकच नव्हते. त्याने दादाबरोबर नाशिकच्या कारखान्यात काढलेल्या रात्रपाळ्यांबद्दल दोन पाने लिहिली होती. वहिनींनी ती छापून मागितली.

खात्यांना जोडलेला नंबर आता सगळीकडे मी बदलून घेतला आहे. एक वहिनींचा, एक पुतणीचा. सूचना येतात त्या दुसऱ्याच कंपनीच्या फुकट पत्त्यावर, म्हणजे किल्ली तिजोरीच्या बाहेर राहिली. परवलीचे शब्द, तीन दुकानांची नावे आणि मुदतीच्या तारखा एका वहीत लिहून ती वही पुतणीच्या स्वाधीन केली आहे. दादाचा नंबर आता कुठल्याच कामाला लागत नाही, हे मी वहिनींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. परवा ८४ दिवस भरत आले, तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारले, "भाऊजी, एकदम वर्षाचे भरले तर स्वस्त पडतात का हो?"

मी कागदावर हिशेब मांडला आणि सांगितले, पडतात.